टॉर्च टेस्टची गोष्ट : ट्युनिसचा गोंडी, मुंबईचे शाकाहारी आणि आपल्याकडची फाईल

आमच्या चांदूर रेल्वेत एखाद्या बाईचे लागोपाठ दोन गर्भपात झाले की तिच्या फाईलमध्ये एक कागद हमखास सापडतो. वर 'टॉर्च' लिहिलेलं. खाली आठ-दहा ओळी, प्रत्येक ओळीपुढे आकडा, आणि त्यातल्या एखाद्या आकड्यापुढे जाड अक्षरात 'पॉझिटिव्ह'. (बाहेरच्यांसाठी : जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे, म्हणून आमच्या चांदूरला 'रेल्वे' चिकटलं. मुंबई-नागपूर लाईनवरचं गाव. रक्त तपासायला बदनेऱ्यावरून अमरावती गाठायची, हा इथला जुना रिवाज.)

मग गावात बातमी फिरते, "पोरीले टॉर्च निंघाली म्हनते." म्हणजे काय निघालं, ते कोणालाच धड ठाऊक नसतं. सासू म्हणते, माहेरच्या मांजरीनं घात केला. कोणी म्हणतं, मटण खाल्लं असेल. नवरा तीन महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स घेऊन येतो. आणि पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसते : दोष माझ्या रक्तात आहे.

आमच्या नात्यातल्या एका पोरीची अशी फाईल मी गेल्या वर्षी चाळली. लॅबचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्या कागदावर टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी पॉझिटिव्ह होतं, आयजीएम निगेटिव्ह. या दोन शब्दांचा एकत्र अर्थ काय होतो, हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. तो अर्थ समजायचा तर या तपासणीचा इतिहास बघावा लागतो. इतिहास मोठा मजेदार आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचंही एक पान आहे. ते पान आपल्यालाच माहीत नाही.

सुरुवात १९०८ ची, उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसची. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो हे दोघे काळ्या आजाराच्या जातीच्या परजीवीवर काम करत होते. त्यासाठी त्यांनी गोंडी नावाचा, घुशीसारखा दिसणारा तिकडचा एक रानटी प्राणी वापरला. त्याच्या शरीरात त्यांना एक सूक्ष्म परजीवी दिसला. आधी वाटलं, हा काळ्या आजाराचाच भाऊबंद. नीट पाहिल्यावर कळलं की ही जातच वेगळी. आकार धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून ग्रीक शब्दावरून नाव दिलं टॉक्सोप्लाझ्मा. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरेला तोच जीव सशात सापडला. योगायोग बघा, हिवतापाचा जंतू लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला १८८० मध्ये दिसला तो शेजारच्याच अल्जीरियात. पुढे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो पकडला. लाव्हरां, रॉस आणि निकोल तिघांनाही नोबेल मिळालं, पण निकोलचं टायफससाठी. टॉक्सोप्लाझ्माकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. गोंडीच्या आणि सशाच्या रोगाशी माणसाला काय घेणं-देणं?

घेणं-देणं आहे, हे कळायला तीस वर्षं लागली. १९२३ मध्ये प्रागच्या यांकू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरला एका मृत बाळाच्या नेत्रपटलात काही गाठी दिसल्या होत्या, पण तो धागा तिथेच राहिला. मग १९३८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात सिझेरियनने एक मुलगी जन्मली. तिसऱ्या दिवशी तिला झटके सुरू झाले. महिनाभराची होऊन गेली. वुल्फ, कावन आणि पेज या तिघांनी तिचा मेंदू आणि डोळे तपासले, तर आत टॉक्सोप्लाझ्मा. आई मात्र ठणठणीत! ना ताप, ना अंगदुखी. आईला पत्ताही न लागता तिच्यातून पोटातल्या बाळापर्यंत परजीवी जाऊ शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं झालं. आणि प्रश्नही तिथेच उभा राहिला. आई आजारी दिसतच नसेल, तर ओळखायचं कसं?

हिवतापात हे सोपं आहे. बोट टोचा, काचपट्टीवर थेंब पसरा, रंग द्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जंतू असेल तर डोळ्याला दिसतो. खेडोपाडी हिवतापवाले कर्मचारी दारोदार काचपट्ट्या घेत फिरायचे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. टॉक्सोप्लाझ्मा मात्र रक्तात फार थोडे दिवस फिरतो. मग स्नायूत, मेंदूत गाठी करून जन्मभर गप्प बसतो. रक्तात चोर सापडत नाही. सापडते ती चोराविरुद्ध शरीराने लिहून ठेवलेली तक्रार, म्हणजे प्रतिपिंडं.

ही तक्रार वाचायची रीत १९४८ मध्ये काढली अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी. सेबिन म्हणजे तोच, ज्याच्या पोलिओच्या थेंबांसाठी आपण पोरं कडेवर घेऊन रविवारी बूथवर गेलो. थेंब नंतरचे, ही तपासणी आधीची. जिवंत परजीवी घ्यायचे, त्यांत माणसाचं रक्तद्रव मिसळायचं आणि निळा रंग टाकायचा. रक्तात प्रतिपिंडं नसतील तर परजीवी निळे होतात. असतील तर रंग धरत नाहीत. तपासणी उत्तम होती, आजही तिला मापदंड मानतात. अडचण एवढीच की लॅबमध्ये जिवंत परजीवी पाळावे लागायचे, त्यामुळे हे काम मोजक्या ठिकाणीच व्हायचं.

पण एकदा हत्यार हाती आल्यावर जगभर लोकांची रक्तं तपासणं सुरू झालं. जिथे बघावं तिथे प्रतिपिंडं! करोडो लोकांना हा संसर्ग कधीतरी होऊन गेलाय आणि त्यांना गंधही नाही. मग वाद पेटला : हा अंगात शिरतो कुठून? फ्रेंचांचा संशय कच्च्या मांसावर होता. पॅरिसमध्ये देमों आणि सहकाऱ्यांनी एका सॅनेटोरियममधल्या मुलांवर अभ्यास करून तो १९६५ मध्ये छापला. त्या मुलांना अर्धकच्चं मांस खायला दिलं जायचं. आधी वर्षाला शंभरातल्या दहा मुलांत संसर्ग दिसायचा. जेवणात अर्धकच्चं गोमांस किंवा घोड्याचं मांस वाढल्यावर पन्नास मुलांत, आणि अर्धकच्चं मेंढीचं मांस दिल्यावर जवळजवळ सगळ्यांत. (मुलांवर असले प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) म्हणजे मांस दोषी. खटला संपला?

नाही संपला, कारण साक्ष आली मुंबईची. १९५९ मध्ये बी. डी. रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांच्या रक्तावर सेबिन-फेल्डमन चाचणी केली आणि निकाल इंग्लंडच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात छापला. लेख तीन पानांचा. निष्कर्ष असा की पिढ्यान्‌पिढ्या मांसाला न शिवलेल्यांच्या रक्तातही प्रतिपिंडं जवळपास मांसाहाऱ्यांइतकीच. युरोपात हा प्रयोग करायला पक्के शाकाहारी शोधून मिळाले नसते, मुंबईत गल्लोगल्ली होते. पुढे या विषयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा लेख आवर्जून सांगितला. कारण त्याने एक गोष्ट निर्विवाद दाखवली : मांसाखेरीज दुसरा रस्ता आहे.

तो रस्ता सापडला मांजरीत. ग्लासगोच्या हचिसनला १९६५ मध्ये मांजरीच्या विष्ठेतून संसर्ग जातो असं दिसलं. आधी त्याला वाटलं, मांजरीच्या पोटातल्या जंताच्या अंड्यातून जात असेल. १९७० पर्यंत वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी उलगडा केला. या परजीवीची 'लग्नं' लागतात फक्त मांजरीच्या आतड्यात, आणि तिथून त्याची अतिसूक्ष्म बीजं विष्ठेवाटे लाखोंनी मातीत पडतात. पॅसिफिक महासागरातल्या ज्या लहान बेटांवर मांजरच नव्हतं, तिथल्या माणसांत हा संसर्गही जवळपास नव्हता.

इथे थोडं थांबू, कारण आपल्याकडे हे अर्धवट ऐकून लोक मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. मांजर ही बीजं बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर आठवडा-दोन आठवडे टाकते. ताजी विष्ठा लागलीच संसर्ग देत नाही, बीजं पिकायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा पिकली की ओलसर मातीत वर्षभरही टिकतात. म्हणजे धोका मांडीवरच्या मांजरीपेक्षा मातीत जास्त. आता आपल्या बायांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पराटीत निंदण, ओलिताच्या वाफ्यात हात, बांधावर बसून भाकर, बाजारातून आणलेला सांबार नुसता झटकून भाजीवर. माहेरच्या मांजरीवर खापर फोडण्यात काय अर्थ आहे? आणि मटणाचं म्हणाल तर आपल्याकडचं मटण तासभर रटरटतं. रावलांचे मुंबईचे शाकाहारी साठ वर्षांपूर्वीच साक्ष देऊन गेलेत.

आता मुद्द्याचं. बाळाला धोका नेमका केव्हा?

हे शोधलं पुन्हा पॅरिसच्या देमों यांनीच, कुव्रर या सहकाऱ्याबरोबर. १९७४ मध्ये त्यांनी ३७८ गरोदरपणांचा अभ्यास छापला. आई गरोदर असताना पहिल्यांदाच संसर्ग झाला तर धोका. पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचलाच तर इजा भारी. शेवटच्या तीन महिन्यांत उलटं : पोचण्याची शक्यता जास्त, पण बाळ बहुधा जन्मताना धडधाकट दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संसर्ग गरोदरपणाच्या आधीच होऊन गेला असेल तर आईची प्रतिपिंडं बाळाची राखण करतात. (एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर गोष्ट वेगळी.)

हे वाक्य पुन्हा वाचा. जुना संसर्ग म्हणजे राखण. आयजीजी म्हणजे जुनी नोंद, आयजीएम म्हणजे बहुधा ताजी. आमच्या पोरीच्या कागदावर आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह होतं. म्हणजे ती या एका बाबतीत सुरक्षित होती! तिला आजारी ठरवून गोळ्या दिल्या. शिवाय दर खेपेला गर्भपात होण्याचं कारण हा परजीवी ठरतच नाही, कारण पहिला संसर्ग आयुष्यात एकदाच होतो. दोनदा, तीनदा 'पहिला' कसा होईल?

मग ही तपासणी तिच्या फाईलमध्ये आली कशी? १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आंद्रे नहमियास या डॉक्टरने 'टॉर्च' हा शब्द जुळवला. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस यांची आद्याक्षरं. मधल्या 'ओ'त पुढे इतर रोगही घातले गेले. हेतू साधा होता. आजारी जन्मलेल्या बाळात हे रोग एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांचा विचार करावा. शब्द नवजात बाळासाठी होता. त्याच वर्षी स्वीडन आणि हॉलंडमध्ये एलायझाची रीत निघाली. आता जिवंत परजीवी पाळायची गरज उरली नाही. डबीतलं किट, प्लेटमधला रंग, मशिनचा आकडा. झालं! एक सोपा शब्द आणि एक सोपं किट एकत्र आले आणि बाळासाठीची यादी गर्भपात झालेल्या आईचं पॅकेज होऊन बसली. जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पॅकेज पोचलं, त्याचा अर्थ सांगणारा माणूस पोचला नाही.

युरोपने वेगळं केलं. ऑस्ट्रियाने १९७५ च्या सुमारास आणि फ्रान्सने १९७८ मध्ये गरोदर बायांची तपासणी राष्ट्रीय पातळीवर आणली. फ्रान्समध्ये पुढे नियमच झाला : जिला आधी संसर्ग झालेला नाही, तिचं रक्त दर महिन्याला. एकदा नव्हे, दर महिन्याला. कारण निगेटिव्हची पॉझिटिव्ह झाली तरच संसर्ग ताजा, हे खात्रीने कळतं. एका सुट्या कागदावरून ते कळत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९८६ पासून बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब, जो गाळण-कागदावर आधीपासून इतर रोगांसाठी जमा होतच होता, त्यावरच ही तपासणी सुरू केली. १९९४ मध्ये हिशेब छापला : ६ लाख ३५ हजार बाळं, खरा जन्मजात संसर्ग ५२ जणांत. त्यातल्या ५० जणांवर जन्मताना कोणालाही शंका आली नव्हती. नंतर बारकाईने पाहिलं तर जवळपास चाळीस टक्क्यांच्या डोळ्यांत किंवा मेंदूत खुणा होत्या. म्हणजे तपासणी नीट केली तर उपयोग आहे, हेही खरं. डेन्मार्कने १९९९ मध्ये असंच सुरू केलं आणि उपचाराचा फायदा स्पष्ट दिसेना म्हणून २००७ मध्ये बंद केलं. शहाण्या देशांतही यावर एकमत नाही.

आणि फसगत तिकडेही झाली. अडचण आयजीएमची. ते ताज्या संसर्गात वाढतं हे बरोबर, पण कित्येकांत वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ रेंगाळतं. काही किट तर संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह दाखवतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना जाहीर इशारा दिला की फक्त आयजीएमच्या किटवर भरवसा ठेवून गरोदर बाईबद्दल निर्णय घेऊ नका. पालो अल्टोमधल्या जॅक रेमिंग्टन यांच्या लॅबने २००१ मध्ये ८११ बायांचा अभ्यास छापला. बाहेरच्या लॅबने आयजीएम पॉझिटिव्ह ठरवलेल्या या बाया. फेरतपासणीत सुमारे साठ टक्क्यांचा संसर्ग जुना निघाला. ते वेळेत समजावून सांगितल्यामुळे अनावश्यक गर्भपात अंदाजे निम्म्याने कमी झाले. हे मी सावकाश लिहितोय, कारण दुसऱ्या बाजूने वाचलं तर भीती वाटते. जिथे फेरतपासणीच होत नाही, तिथे काय होत असेल?

आपल्याकडे २००७ मध्ये मुंबईहून एक मोठा अभ्यास छापला गेला. देशभरातून लॅबमध्ये आलेले २३ हजारांवर नमुने. आयजीजी साधारण चोवीस टक्के, आयजीएम दोन टक्के. म्हणजे ढोबळमानाने दर चौथा माणूस 'टॉर्च निंघालेला'. कोणत्याही शंभर बाया रांगेत उभ्या केल्या तर वीस-पंचवीसजणींच्या कागदावर जाड अक्षरं येणारच, त्यांना चार निरोगी लेकरं असली तरी. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने म्हणूनच २०११ च्या मार्गदर्शिकेत वारंवार गर्भपातासाठी टॉर्च तपासणी सोडून द्या, असं स्पष्ट लिहिलं. आपल्या सरकारी गरोदर-तपासणीतही टॉक्सोप्लाझ्मा नाही, आणि माझ्या मते ते आज तरी योग्यच आहे. दर महिन्याचं रक्त, पक्की फेरतपासणी आणि समजावणारा माणूस हे तिन्ही नसताना नुसतं किट आणणं म्हणजे बायांना घाबरवणं.

सरकारी यादीत काय आहे? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, २०१६ पासून, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिवताप. यातला हिवताप हा आपल्या भागातला खरा परजीवी. गरोदर बाईला झाला तर परजीवी वारेत जमतात, रक्त उतरतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या बायांसाठी हा पुस्तकी धोका नाही. आशाताईच्या पिशवीतली पट्टी पंधरा-वीस मिनिटांत तो दाखवते, आणि उपचार आहे. सिफिलिस परजीवी नाही, पण पोटातली बाळं तो खरोखर मारतो आणि इंजेक्शनने थांबतो. गंमत अशी की टॉर्चला हजारो रुपये मोजून आलेल्या फाईलमध्ये ही फुकटची तपासणी कधीकधी नसते. आमच्या पोरीच्या फाईलमध्ये नव्हती. थायरॉईड आणि साखरही कोणी बघितली नव्हती.

आता कोणाच्या घरी असा कागद असेल तर तो काढा आणि बघा. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह असेल तर संसर्ग बहुधा जुना, घाबरायचं कारण नाही. दोन्ही निगेटिव्ह असेल तर संसर्ग झालेलाच नाही. गरोदरपणात मातीकाम केल्यावर हात साबणाने धुवा, सांबार-मेथी-गाजर तीन पाण्यांतून काढा, मांस पूर्ण शिजवा. गरोदरपणात आयजीएम पॉझिटिव्ह आलं असेल तर त्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त तपासायचं का? दुसरं, आयजीजी ॲव्हिडिटी करायची का? ही तपासणी फिनलंडमध्ये १९८९ मध्ये निघाली. प्रतिपिंडं परजीवीला किती घट्ट धरतात ते ती मोजते, कारण जुनी प्रतिपिंडं घट्ट धरतात, नवी सैल. गरोदरपणाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत पकड घट्ट आली तर संसर्ग पोट राहण्याआधीचा. सैल आली म्हणून मात्र ताजाच असं सिद्ध होत नाही, कारण काहींची पकड कित्येक महिने सैलच राहते. खरंच ताजा निघाला तरी स्पायरामायसिनसारखी औषधं आहेत, सोनोग्राफी आहे, गर्भजलाची तपासणी आहे. मोठ्या दवाखान्यात जाऊन सल्ला घ्यायला वेळ असतो.

आमच्या पोरीचं थायरॉईड नंतर वाढलेलं निघालं. गोळी चालू आहे. मांजर माहेरीच आहे.